दिवसातून पाच वेळा

प्रिय इलाइतिया,

हे पत्र बसचा ड्रायव्हर तुझ्या हातात देईल. माझ्यासारख्या बडबड्यानं पत्र लिहिलंय म्हटल्यावर तू हसशील. हस. पण शेवटपर्यंत वाच, आणि डाव्या डोळ्याला ताण देऊ नकोस.

माझं बरं चाललंय. दुसरी लॉरी घेतली. सावुसावूच्या बाजारातल्या बायका म्हणतात, "वाइसाके, लॉऱ्या दोन झाल्या, बायको एकही नाही." मी म्हणतो, लॉरी उलटून बोलत नाही.

तीन वर्षांपूर्वीचा तो रग्बीचा सामना हल्ली रोज आठवतो. स्क्रमच्या रेटारेटीत समोरच्या संघातल्या सेमेसाची खुरटी दाढी तुझ्या तोंडावर घासली, डाव्या डोळ्यात चिखल गेला. मध्यंतरात मी तुझी हनुवटी धरून डोळा पुसला. पाचव्या दिवशी डोळा लालभडक, उजेड सोसेना. सगळं गाव म्हणालं, सेमेसानं बोट घातलं.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी डोळ्यात पिवळा थेंब टाकून निळ्या दिव्यात बघितलं. मलाही दाखवलं. बुबुळावर वाळक्या फांदीसारखी हिरवी रेघ होती. त्यांनी मलम दिलं, दिवसातून पाच वेळा. पाचही वेळा मी तुझ्या ओसरीवर हजर असायचो. मी पापणी ओढली की तू कुरकुरायचास, "नर्सबाई, हात किती गार तुमचे." तुझी आई मला नारळाच्या दुधातला मासा वाढायची आणि शेजारणींना ऐकवायची, "सख्खा भाऊ करणार नाही एवढं करतोय पोरगा." मी अर्धाच खाऊन ताट बाजूला सारायचो. तुम्हाला वाटायचं, मी लाजतोय.

आठव्या दिवशी दुखणं थांबलं आणि तू मलम सोडलंस. "मार होता, बरा झाला," म्हणालास. मीही मान डोलावली. पुढच्या वर्षी डोळा पुन्हा लाल झाला, तेव्हा जुना मार ठणकतोय म्हणून तू दहा दिवस काढलेस. बुबुळावरचा पांढरा डाग त्या दहा दिवसांचा आहे.

मार नव्हता तो, इलाइतिया. बाईंनी मला बाहेर बोलावून सगळं सांगितलं होतं. ओठावर फोड उठतात ना, तोच रोग डोळ्यात गेलाय. तो अंगात दबून राहतो, पुन्हा उठतो. डोळा लाल दिसला की त्याच दिवशी या. मग विचारलं, जवळच्या कुणाच्या ओठावर फोड होता का? मी नाही म्हणालो. आत येऊन तुला सांगितलं, मार लागलाय.

फोड माझ्या ओठावर होता. असा फोड दिसला की रेफरी खेळू देत नाही, म्हणून मी त्यावर चिखल फासला होता. मध्यंतरात तो फुटला, मी टॉवेलनं दाबला, आणि त्याच टॉवेलनं तुझा डोळा पुसला. तो डोळ्यात जातो हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. बाईंनी सांगितल्यावर मात्र ठाऊक होतं, आणि सेमेसाला शिव्या पडत होत्या त्या मी निमूट ऐकल्या.

काल सेमेसा माझी लॉरी ठरवायला आला. शुक्रवारी तुमच्याकडे चटया, रॉकेलचं पिंप आणि आजोबांचा व्हेलचा दात घेऊन येतोय; दात घेतला म्हणजे माफ केलं, ही आपली रीत. तुझ्या बहिणीला, लोसालिनीला, मागणी घालण्याआधी तुझ्या डोळ्याची माफी मागायची, ही तुझी अट. मी विचारलं, "खरंच बोट घातलं होतंस का रे?" म्हणाला, "नाही. पण तिचा भाऊ माझं ऐकतो कुठं? टेकतो गुडघे. गुडघ्यांना काय होतंय?" मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तू जिवलग ना त्याचा, जरा माझी बाजू सांग."

म्हणून लिहितोय. माफीसाठी त्याचा दात घेऊ नकोस. लॉरीत त्याच्या चटयांशेजारी माझ्या आईकडचा दात असेल. आधी मी आत येईन, तुझ्या काकांसमोर सगळं सांगेन. तू तो घेतला नाहीस, तर मी रस्त्यावर लॉरीत बसून राहीन. पण सेमेसाला परत पाठवू नकोस. आज सकाळी बाईंनाही खरं सांगून आलो. त्या फार चिडल्या. म्हणाल्या, त्याला घेऊन ये, रोज घ्यायच्या गोळ्या असतात, त्यांनी रोग पुन्हा सहसा उठत नाही. तेवढं माझ्यावरच्या रागापायी टाळू नकोस. आणि पुन्हा कधी मलमाची पाळी आलीच, तर पापणी सेमेसाला ओढू दे. त्याचे हात गार नाहीत.

तुझाच म्हणवून घ्यायला आता कचरणारा,
वाइसाके