पिवळा पट्टा

ता. ४

ती. दादास सा. न. वि. वि.

मी स्टुलावर उभी राहून खिळ्यावरचा ब्रेकचा लिव्हर उतरवत होते, तेवढ्यात तुझ्या कारकुनाने माझं मनगट धरलं. मालकांची बहीण आहे हे ओळखलं नाही म्हणे. तुझ्या मोटारसायकल शाळेतून तशीच परत आले.

त्या भिंतीवर वीस अपघातांचे तुकडे आहेत. असू देत. पण हा यांच्या शेवटच्या गाडीचा, आणि त्यावर तुझ्या अक्षरात कार्ड: ‘घाबरून फक्त मागचा ब्रेक दाबला. मूर्ख.’ तुझी भाची रोज त्याच भिंतीसमोर शिकते. कार्ड काढ. लहानपणी मी सायकलवरून पडले, तेव्हाही तू आधी मित्रांना बघायला बोलावलंस, मग मला उचललंस.

रागावलास तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

ता. ९

चि. धाकटीस अ. आ.

स्टुलावर चढायला कोणी सांगितलं? त्या स्टुलाचा तरी विचार करायचा.

कार्ड निघणार नाही. माणसं माझ्या बोलण्याने शिकत नाहीत, दुसऱ्याच्या हाडांनी शिकतात. रोज एकजण एक कार्ड वर्गापुढे मोठ्याने वाचतो. काल तुझ्या टिकलीची पाळी होती. मी मुद्दाम तेच दिलं. आवाज हलला नाही. पोरगी मास्तरीण होणार.

गुडघ्याला तेल लावत जा.

दादा

ता. १३

ती. दादास,

लिव्हर हातात आला तेव्हा कार्डाखाली पिवळा पट्टा दिसला. घरी पोचेपर्यंत अर्थ लागला.

शिकाऊ गाड्यांचा पुढचा ब्रेक तू ढिला ठेवतोस, नवखा माणूस तो एकदम आवळून तोंडघशी पडू नये म्हणून. खूण म्हणून लिव्हरला पिवळा पट्टा मारतोस. त्या दिवशी यांनी तुझ्याकडून गाडी मागून नेली होती. पट्टा म्हणजे काय, हे त्यांना सांगितलं होतंस? पुढचा ब्रेक लागतच नव्हता, तर ते दुसरं काय दाबणार होते?

टिकलीला अजून बोललेले नाही. खरं कार्ड लिही. नाहीतर मी तिला कळवते.

धाकटी

ता. १७

धाकटे,

समोर गिऱ्हाईक होतं. किल्ली फेकली, सांगायचं राहिलं. कार्ड दुसऱ्याच दिवशी लिहिलं.

पण मागचाच ब्रेक दाबला, यात खोटं काय? एकवीस तारखेपासून टिकलीला मास्तरीण नेमतोय, राहायला वरची खोली. तू कळवलंस तर ती इथे तासभर थांबणार नाही. दुसरं काम कोण देतंय तिला? तूच ठरव.

प्रकृतीला जप.

दादा

ता. १९

ती. दादास सा. न.

तिला कळवत नाही. वरची खोली तापत असेल, तिला पंखा दे.

धाकटी

ता. २१

ती. आईस सा. न.

आज पहिला वर्ग घेतला. बाबांचं कार्ड मीच वाचलं. सगळे हसले, मग मीही हसले. मामा खूश होता.

त्याने मला चार नव्या गाड्यांचे पुढचे ब्रेक ढिले करायला दाखवलं. पिवळा रंग संपलाय, पट्टे सोमवारी मारू म्हणाला. शेजारच्या शिंप्याची गाडी बंद पडली, म्हणून त्यातली एक तो मागून घेऊन गेला. वर्ग चालू होता. किल्ली मीच दिली.

ता. २२, सकाळी

पत्र पेटीत टाकायचं राहिलं. शिंपी रात्री अपघातात गेला. मामाने लिव्हर आणून दिला आणि कार्ड मला लिहायला सांगितलं. बाबांच्या कार्डासारखंच लिहिलं. नऊ वाजता मी ते वर्गाला वाचून दाखवलं.

तुझी,
टिकली