घड्याळ उशिरा चालू केलं

आबा, काल मी माझ्याच सहीचा अहवाल मागे घेतला. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. घरात ज्याला हे सांगावं असं कोणी उरलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. पत्र कुठे टाकायचं नाही, हे मलाही कळतं.

आधी काम सांगते, कारण तुम्ही गेलात तेव्हा साधे मोबाईलही गावात आले नव्हते. आता जिथे टॉवर नाही तिथे फोन थेट आकाशातल्या उपग्रहाशी बोलतो. पण हे उपग्रह एका जागी थांबत नाहीत. काही मिनिटांत एक डोंगराआड जातो आणि चालू बोलणं मागून येणाऱ्या दुसऱ्याकडे सोपवावं लागतं. सोपवताना मध्ये शांतता पडते. पुढचा उपग्रह कधी, कुठून येणार हे आधीच ठाऊक असतं, म्हणून त्याची माहिती फोनला अगोदर देऊन ठेवायची आणि ती शांतता कमी करायची, अशी आमची नवी पद्धत. ती किती कमी झाली हे मोजणाऱ्या तुकडीची प्रमुख मी. माझा आकडा चांगला आला, तर हेच फोन आहेत तसे माण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर वाटले जाणार होते.

आकडा चांगलाच आला, कारण नवा उपग्रह फोनला सापडला की मगच मी घड्याळ चालू करायला लावलं. जुना गप्प झाल्यापासून नवा सापडेपर्यंतचा वेळ धरायचा नाही, तो दोष डोंगराचा, आमच्या पद्धतीचा नाही, असं मी ठरवलं. तुकडीत पलूसची एक मुलगी आहे, तोंडावर बोलणारी. ती म्हणाली, "मॅडम, आपलं घड्याळ उशिरा चालू होतंय. माणूस त्याच्या आधीपास्नं हॅलो हॅलो करत बसलेला असतोय." मी सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "माणसाचं मला शिकवू नकोस. सांगितलेत ते आकडे लिही." तिने लिहिले. मी सही केली.

मग गेल्या आठवड्यात आम्ही दोघी माणमधल्या एका वस्तीवर गेलो. मेंढरं राखणारं घर, माझ्याच वयाची बाई, मुलगा मुंबईला. चाचणीसाठी महिनाभर दिलेला फोन तिने माझ्या हातात परत ठेवला. "नगं बाई. ह्याच्यावर त्यो बोलता बोलता गप व्हतोय. माझंच कायतरी वंगाळ बोलणं झालं आसंल."

"अहो, तो उपग्रह बदलतो."

"त्यो बदलू दे की खुशाल. पोराला राग कशाचा आला, त्ये सांगा."

पलूसची मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, त्यो रागावला न्हाई. चूक आमची हाय." मी पाणी मागितलं.

त्या अंगणात मला वाईचं तुमचं टेलिफोन एक्स्चेंज दिसलं. मी सांगलीहून इंजिनिअरिंगच्या पहिल्या सुट्टीला आलेली, नाक वर. तुम्ही खराब लाइनवरचा ट्रंक कॉल दुसऱ्या लाइनवर घेताय आणि प्रत्येकाला सांगताय, "लाइन बदलतोय, ठेवू नका, मी हाय." पलीकडून आवाज आल्याशिवाय तुमचा हात बोर्डावरच्या जुन्या लाइनच्या दोरीवरून हलत नाही. मी म्हणते, "आबा, चार सेकंदांचं काम, त्याला एवढं कशाला?" तुम्ही मला बूथमध्ये उभं करता आणि साताऱ्याच्या ऑपरेटरकाकांना जोडून देता. ते विचारतात, "काय इंजिनेरबाई, सांगलीत भडंगच खाताय का भाकरी बी मिळती?" मी हसून उत्तर देते आणि पलीकडून काहीच नाही; तुम्ही न सांगता लाइन काढलेली. हॅलो. हॅलो काका. मी काही उद्धट बोलले का? मग आवाज परत येतो. तुम्ही काचेतून विचारता, "किती झालं?" मी म्हणते, दहा-बारा सेकंद. तुम्ही मनगट पुढे करता. चार. "घड्याळ माझ्या हातात हाय, पर कान तुजा व्हता. मोजायचं ते कानापास्नं."

हे मला ठाऊक होतं, आबा. चाळीस वर्षं ठाऊक होतं. न शिकलेल्या माणसाने चूक करावी तशी मी ती केलेली नाही.

काल बैठकीत मी उभी राहिले आणि म्हणाले, "मोजण्याची व्याख्या सदोष ठरली आहे." ठरली आहे. कोणी केली, ते सांगितलं नाही. कोणी आधीच दाखवून दिलं होतं, तेही नाही. फोनवाटप थांबलं, मोजणी पुन्हा होईल. ती त्या मुलीकडे द्यावी एवढं मात्र मीच सुचवलं. वरिष्ठांनी माझ्या सचोटीचं कौतुक केलं. ती समोर बसून ऐकत होती.

आज दुपारी तिला सुपूर्द केलं ते असं: चाचणीचे फोन, सहा. चाचणीतल्या बोलण्यांची न छाटलेली सगळी ध्वनिमुद्रणं, एक डिस्क. वस्त्यांची यादी, रस्त्यांच्या खुणांसह. उपकरणांच्या पेटीच्या किल्ल्या, दोन. तिने एकेक वस्तू बघून हस्तांतराच्या कागदावर सही केली. खाली शेऱ्यासाठी दोन ओळी रिकाम्या होत्या. तिचं म्हणणं पहिल्या दिवसापासून बरोबर होतं, एवढं लिहायला मी पेन टेकवलं, आणि नुसती तारीख घातली.