आजार माझ्या मांजरीचा, शहाळी द्रौपदीला

मुलुंड (पूर्व),
१० फेब्रुवारी १९८६

चि. सौ. जयंतीस,

अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे, श्यामकांतरावांचा रक्तदाब आणि तुमच्या वेंगुर्ल्याची हवा, तिन्ही ठीक असतील असं धरून चालते, कारण आंतरदेशीय पत्रात जागा कमी आणि मला सांगायचंय फार. माझी तब्येत उत्तम आहे. (कुणी विचारलेलं नाही, पण सांगते.)

विषय पर्लचा. पर्लला तू ओळखतेस. आमच्या विमा कचेरीच्या रेकॉर्डरूममधून मी तिला पर्समध्ये घालून आणलं, त्याला आता चौदा वर्षं होतील. या चौदा वर्षांत तिने चिनीमातीच्या बशीखेरीज दूध प्यायलेलं नाही आणि माझ्या पलंगाखेरीज ती कुठे झोपलेली नाही. झोपते पायथ्याशी, माझ्याकडे पाठ करून. मांडीवर येत नाही. पोटाला हात लावला तर ओरबाडते. मी समजत होते, हा तिचा मानी स्वभाव. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या मदर सुपीरियरही अशाच होत्या.

तर मागच्या मंगळवारी तळमजल्यावरची द्रौपदी धापा टाकत माझ्या तिसऱ्या मजल्यावर आली. (नवरा गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होता, संपापासून घरीच असतो. बाई मनाने वाईट नाही, पण बोलते दारात आणि ऐकू जातं स्टेशनात.) आल्या आल्या म्हणाली, "बाई, बायोच्या पोटाखाली गाठ लागता हो हाताक!"

मी विचारलं, "कोण बायो?"

तिने माझ्या पर्लकडे बोट दाखवलं. जयू, मी दाराची कडी धरून उभी राहिले. पर्ल दुपारी जिना उतरते ती वयोमानाप्रमाणे पाय मोकळे करायला, अशी माझी समजूत. ती जात होती द्रौपदीकडे, जेवायला! तिथे तिला मासे, तिथे तिला मांडी, आणि तिथे ती पोट वर करून उताणी पसरते, म्हणूनच गाठ हाताला लागली. कर्करोगाची भीती मला नंतर वाटली, आधी काय वाटलं ते लिहीत नाही. सिस्टरांनी शिकवलेल्या शब्दांत ते बसत नाही.

परळच्या जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मी एकटीने टोपलीत घालायचा प्रयत्न केला. (माझ्या मनगटावरचे ओरखडे बघायला ये.) शेवटी द्रौपदी आली, "चल गे बायो" म्हणाली, आणि ही बया स्वतःहून टोपलीत जाऊन बसली. त्यामुळे टॅक्सीत द्रौपदीही आली. भाडं अर्थातच मी दिलं. दवाखान्यात कंपाउंडरने "पर्ल" असा पुकारा केला, तर हिने कानसुद्धा हलवला नाही. टेबलावर ठेवताच द्रौपदीच्या काखेत तोंड खुपसलं. डॉक्टर तरुण, गोड बोलणारा. द्रौपदीला म्हणाला, "आई, तुम्ही धरा हं," आणि मला म्हणाला, "बाई, तुम्ही जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय." चौदा वर्षं! आणि मी उजेड अडवते!

गाठीचा तुकडा तपासायला पाठवलाय. आठवड्याने कळेल. या वयात जिना चढणं बरं नाही, म्हणून तोपर्यंत तिला तळमजल्यावर ठेवा, हाही त्याचाच सल्ला.

आता पुढचं ऐक. आम्ही दोघी टॅक्सीतून परळला गेलो आणि द्रौपदी डोळे पुसत परतली, एवढं बिल्डिंगने पाहिलं. मुंबईत "परळला नेलं" म्हटलं की लोक तिथलं कर्करोगाचं इस्पितळच समजतात, तुला माहीत आहे. त्यात हिने जिन्यात कुणाला तरी "गाठ आसा" म्हणून सांगितलेलं. संध्याकाळपासून तिच्याकडे रांग लागली. शहाळी, सफरचंदं, सिद्धिविनायकाचा अंगारा. ती बिचारी सांगत होती, "माका नाय हो, बायोक झाला," तर लोक म्हणायचे, काय धीराची बाई, दुखणं मांजरीवर ढकलते! मला राहवेना. सोसायटीचे सेक्रेटरी मार्तंडराव शहाळं घेऊन निघाले होते, त्यांना मी जिन्यातच थांबवून ठणकावलं की आजारी माझी मांजर आहे. ते हळूच म्हणाले, "सुलक्षणाबाई, अशा वेळी तुम्हाला मांजर सुचते?" आता बिल्डिंगमध्ये मी दगडाच्या काळजाची म्हणून प्रसिद्ध आहे. आजार माझ्या मांजरीचा आणि शहाळी तिला! त्यातलं एक तिने मला वर पाठवलं. मी परत पाठवणार होते, पण उन्हाने शोष पडला होता, प्यायले.

पर्लची गाठ निघो न निघो, द्रौपदीची गाठ माझ्याशी आहे, एवढं लिहून थांबते. श्यामकांतरावांना नमस्कार.

तुझी,
सुलक्षणाताई

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. पलंगाच्या पायथ्याशी जागा मोकळी असली की मला पाय पसरायला छान मिळतात. झोप मात्र येत नाही, उकाडा असावा.

आणखी ता. क. काल निकाल आला. जे वाटत होतं तेच आहे. ऑपरेशन या वयाला झेपणार नाही. डॉक्टर म्हणाला, आता वर न्यायला हरकत नाही, घरी ठेवा, तिला आवडेल ते खायला घाला. मी तिला वर आणलंय. दूधभात हुंगून तिने पाठ फिरवली. द्रौपदी म्हणाली, "तुमी कित्याक त्रास घेतास? मी घालतंय मा!" मी दार लावून घेतलं.

(हे चिकटवायच्या कडेवर लिहितेय, नीट वाच.) तुझ्या लग्नात सासरच्या माशांच्या पंगतीत मी नाकाला रुमाल लावला होता म्हणून तू अजून बोलून दाखवतेस. मला त्या दिवशी सर्दी होती, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. असो. मांदेली साफ कशी करतात? डोकं ठेवायचं की काढायचं? काटे म्हाताऱ्या मांजरीला चालतात का? पातेलं नवीन आणलंय. साधी रीत नको, द्रौपदीपेक्षा सरस होईल अशी सांग. आणि लगेच लिही, जयू. तुझा तो महिन्या-दीड महिन्याने उत्तर द्यायचा रिवाज या वेळी चालणार नाही.