अजून ठरायचं असलेलं सामान

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
१४ जून २००४

चि. दिगंबर यास अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही असाल असं धरून चालतो. सौ. लताच्या गुडघ्याचं काय झालं? माझं बीपी वरखाली असतं, पण डॉक्टरकडे न्यायचं तर राजीवला रजा काढावी लागते, म्हणून बोलत नाही. मागचं पत्र पोचलं का? तिकीट कमी पडलं असेल अशी धास्ती वाटते.

राजीवला टेक्सासमध्ये नोकरी लागली. शुगर लँड नावाचं गाव आहे, जुलैअखेर जायचं. घरभर आवराआवर चालू आहे. इथली रीत अशी की प्रत्येक वस्तूवर रंगीत स्टिकर लावायचा. हिरवा म्हणजे ट्रकमधून न्यायची, पिवळा म्हणजे देऊन टाकायची, लाल म्हणजे फेकायची. सूनबाई मीनाक्षी संध्याकाळी ऑफिसातून आली की हेच करते. तुझ्या वहिनीच्या मागे राहिलेला तिचा कुकर पिवळ्यात गेला. चांगला चालतो.

माझ्या खोलीत तिने एकही स्टिकर लावला नाही. विसरली असेल, म्हणून मीच एक हिरवा घेऊन माझ्या बॅगेवर चिकटवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काढलेला. मीनाक्षी रागावली नाही. म्हणाली, "अण्णा, तुमचं अजून ठरायचंय."

असो. ग्रंथालयातल्या इंग्रजीच्या वर्गाला मी अजून जातो. मी सोडून सगळे चिनी म्हातारे, मुलांकडे नातवंडं सांभाळायला आलेले. सातवी शिकलेला मी तिथे हुशार ठरतो. गुरुवारी बार्बराबाईंनी फळ्यावर 'जंक' लिहिलं आणि मला म्हणाल्या, तुम्हीच यांना समजावून सांगा.

मी सांगितलं, नको असलेलं सामान. माझ्या शेजारी लिन म्हणून गृहस्थ बसतात, त्यांनी विचारलं, मोडलेलं? म्हटलं, नाही. घाण झालेलं? तसंही नाही. मग नको का, असं ते पुन्हा पुन्हा विचारू लागले. मी कुकरचं उदाहरण दिलं, तर त्यांची बायको म्हणाली, चालतो ना, मग मला आणून दे. सगळे हसले. अर्थ कुणालाच कळला नव्हता.

तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "घरात जागा असते. तरी हा म्हणतो तू ठेव, तो म्हणतो तूच ठेव. दोघंही गोड बोलतात. ते जंक."

लिननी ते बाकीच्यांना चिनीत सांगितलं. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. लिनबाईंनी हळूच विचारलं, कुणाच्या घरी? मी म्हटलं, शेजाऱ्यांच्या.

दिगंबर, त्या आधीच्या रविवारी राजीवने तुला फोन केला तेव्हा तो भांडी कागदात गुंडाळत होता. हात गुंतलेले, म्हणून त्याने फोन स्पीकरवर ठेवला होता. मी बाहेर जिन्यावर बसलो होतो. तुझा आवाज फार दिवसांनी ऐकला, अजून खणखणीत आहे. राजीव म्हणाला, काका, नवीन घरात खाली बेडरूम नाहीये आणि आम्ही दोघंही दिवसभर बाहेर, अण्णांना मिरजेलाच बरं वाटेल. त्यावर तू म्हणालास, "अरे राजा, आम्ही त्यांना कधी नको म्हटलंय का? पण वरची खोली भाड्याने दिलीय. तुझं घर मोठं आहे, तूच ने." मग त्याने लताच्या गुडघ्याची चौकशी केली. मला ते दुखणं तिथेच कळलं.

त्याने मला अजून काही सांगितलं नाही. रोज विचारतो, जेवलात का.

भाडेकरूला काढ, असं मी लिहिणार नाही. त्याचीही बायकापोरं असतील. पण नाही म्हणायचं असेल तर मला म्हण, राजीवला नको. मी थोरला आहे, ऐकून घेईन. आणि हो म्हणणार असशील तर लवकर कळव, विमानाच्या तिकिटाचं मला राजीवला सांगावं लागेल, आपणहून विषय काढायचा त्याला धीर होत नाही.

शेवटी लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. असेल तर असू दे.

उत्तर याच पत्त्यावर पाठव, पण जुलैअखेरच्या आत पोचेल असं. त्यानंतरचा माझा पत्ता मला माहीत नाही.

तुझा थोरला भाऊ,
अण्णा