बसऱ्याचे सात मोती

ठाकूरद्वार, गिरगाव
ता. ४ जानेवारी १९५७

चि. सौ. सुमतीस यशोदेचे अनेक आशीर्वाद.

पायांची सूज उतरली का? जिन्याची चढउतार करू नकोस, सातवा महिना म्हणजे थट्टा नव्हे.

हे संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावरच्या गोळीबारात गेले त्याला या महिन्यात वर्ष होईल. हार घालायला माणसं येणार म्हणून कपाट आवरलं, तर माझी लग्नातली नथ हाती आली. अगं, यांनी स्वतः निवडलेले बसऱ्याचे सातही मोती पिवळट पडलेत! ती गुलाबी-हिरवी झाक पार गेली. जव्हेरी म्हणाले, मोती शिंपल्याच्या पोटातला जीव, अंगाला लागला तरच जगतो. यांची म्हणून एवढीच वस्तू माझ्याजवळ उरली आहे. महिनाभर तू घालतेस का?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
यशोदा


परळ, ता. ८ जानेवारी

ती. ताईस सुमतीचा सा. न. वि. वि.

सूज आहे तशीच. हे मला हत्तीण म्हणतात!

ताई, रागावू नकोस. नथीचं विचारलं तर सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. तसली नथ गरोदर बाईच्या नाकात नको म्हणाल्या. खोटं कशाला सांगू, माझाही धीर होत नाही. लाज वाटते.

तूच घाल की! दुपारी तुझ्या सासूबाई कीर्तनाला गेल्या की कडी लावायची नि बसायचं महाराणीसारखं. नाक कुणाचं, ते मोत्यांना काय कळतंय?

माया पातळ करू नकोस.
सुमती


गिरगाव, ता. २० जानेवारी

सुमे, आशीर्वाद.

तुझं ऐकलं. नाकाचं भोक बुजत आलेलं. तेल लावून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर रेटली. रोज तासभर घालते. परवा माणसं यांच्या तसबिरीला हार घालून गेली, नि काल मधल्या मोत्यावर हिरवी झाक फिरून आली! आरशात मीही मला बरी दिसले गं. असं लिहू नये, पण दिसले.

जपून राहा.
यशोदा


परळ, ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

पाकीट आणायला खाली उतरवत नाही, म्हणून हे कार्डच टाकते. बाकीच्या सहा मोत्यांची झाक आली का? दुपारी कडी नीट लावतेस ना?

तुझीच सुमती


गिरगाव, ता. १६ फेब्रुवारी

चि. सौ. सुमतीस आशीर्वाद.

तुझं उघडं कार्ड पोस्टमनने सासूबाईंच्या हाती दिलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, लोक ज्याच्या तसबिरीच्या पाया पडतात त्याच्या बायकोच्या डोक्यात उष्णता चढलेली बरी नव्हे. दुसऱ्या दिवशी नथ उसवून त्यांनी सातही मोती वैद्यांकडे धाडले. वैद्यांनी गुलाबपाण्यात खलून त्यांची पूड केली. उष्णतेवर गुणकारी असते म्हणे.

तू जिवाला लावून घेऊ नकोस, तुझे दिवस भरत आलेत. मी भांडले नाही. हे असते तर भांडले असते.

रोज सकाळी सासूबाई समोर उभ्या राहून ती पूड मला मधातून चाटवतात. मला वाटलं होतं कडू असेल. तिला चवच नाही गं.

यशोदा