आईचं पुढचं वाक्य

कोपर, डोंबिवली पश्चिम
१४ नोव्हेंबर १९९९

चि. नाथा यास,

ताईचे आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तू तब्येतीला जप. दहा वर्षांनी भावाला लिहायच्या पत्राची सुरुवात कशी करायची हे मला कोणी शिकवलेलं नाही, म्हणून शाळेत बाईंनी फळ्यावर लिहून दिली होती तीच केली.

तुझी ईमेल दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मिळाली. खाली तुझ्या कंपनीचा मस्कतचा पत्ता आपोआप छापून आला होता, त्यावरच हे पाठवते आहे. ईमेलने उत्तर लवकर गेलं असतं, पण तिथे मराठी इंग्रजी अक्षरांत लिहावी लागते. मला हे तसं लिहायचं नाही.

तू लिहिलंस, “ताई, आईची ओळ वाचली. कळलं. पान उघडलं तर ओळ तिथे नव्हती. तू काढली असशील, नाहीतर तिनेच काढायला लावली असेल. बरं झालं. तिला सांग, मी त्रास द्यायला येणार नाही. मला पुन्हा शोधू नकोस.”

अरे गाढवा! मोठी बहीण आहे, एवढा हक्क अजून आहे माझा. तू अर्धीच ओळ वाचलीस. उरलेली अर्धी तुझ्यापर्यंत पोचवायची म्हणून मी लिहायला बसले आहे. ती वाचल्याशिवाय हा कागद फाडलास तर बघ.

ती ओळ तिथे आली कशी, ते आधी सांगते. मी कोपर स्टेशनजवळ सिडनीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. पूर्वी तिथे टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटर भंगारात गेले, मी राहिले. सिडनी मूळचा वसईकडचा, तोंडाने भारी, डोक्यात रोज नवा धंदा. त्याने इंटरनेट घेतलं आणि माझ्या मागे लागला. “अगं सगुणा, पान बनवायला पैसे पडत नाहीत. लोकांना वाचावंसं वाटेल असं कायतरी लिही, खाली अमेरिकेतल्या पुस्तकांच्या दुकानाची लिंक टाक. तुझ्या पानावरून कोण तिकडे गेला आणि पुस्तक घेतलं, की कमिशन तुझं. तू इकडे झोपलेली, तिकडे मीटर चालू!”

मी म्हटलं, मला असं काय येतं की अमेरिकेतल्या माणसाने वाचावं? तुझ्या भावोजींनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, “जाळं विणता येतं की.” ते स्वतः कंपनीतून आल्यावर चहाची कपबशीही उचलत नाहीत, पण हे मात्र बरोबर बोलले.

तेव्हा मी जाळ्यांवर पान केलं, खाली माझं नाव आणि ईमेलचा पत्ता टाकला. मासे धरायचं जाळं हाताने कसं विणायचं, फाटलं तर कुठून धरायचं, कुठली गाठ पाण्यात सुटत नाही. मला अर्धवटच येत होतं, म्हणून रविवारी ठाण्याला, कोपरीच्या घरी आईकडे जाऊन बसायचे. ती गाठ मारायची, मी फोटो काढायचे. “अमेरिकेत जाली नाय काय?” ती विचारायची. मी म्हणायचे, आहेत, पण मशीनची. तिला त्या लोकांची फार दया यायची. तू पानावर बघितलेस ते हात तिचेच. ओळखले असशीलच.

आता तुला हसू येईल, पण परदेशात गाठी मारणं हा छंद असतो. बोटी नाहीत, खाडी नाही, आणि माणसं संध्याकाळी दोऱ्या घेऊन बसतात! ती सर्च इंजिनवर ‘नेट’, ‘नॉट’ असलं काही टाकायची आणि माझं पान वर यायचं. पुस्तकं खपायला लागली. पहिला चेक आला तेव्हा बँकेतल्या माणसाने तो उजेडात धरून पाहिला आणि मला विचारलं, “मॅडम, तुमचं कोण आहे तिकडे?” आमचं कोणी नाही, आमच्या आईच्या गाठी आहेत, असं सांगितलं तर त्याने आत साहेबाला बोलावलं. वटायला महिना लागला. आईने त्यातून काही घेतलं नाही. म्हणाली, तुझा शिलाई मशीनचा हप्ता भर.

पान वर यावं म्हणून सिडनीने मला एक चलाखी शिकवली होती. पानाचा रंग निळा असेल तर निळ्याच अक्षरांत शब्द लिहून ठेवायचे. वाचणाऱ्याला ते दिसत नाहीत, सर्च इंजिनला मात्र दिसतात. मासे, बोट, दोरी, कोळी, जे सुचेल ते भरायचं. पकडलं तर पान काढून टाकतात, पण तोपर्यंत गिऱ्हाईक येत राहतं.

हे मी एकदा आईला गंमत म्हणून सांगितलं. तिने जाळं खाली ठेवलं. मग म्हणाली, “त्या मशीनला मानूस शोधता येतो काय?”

तुझं नाव घेतलं नाही तिने. दहा वर्षांत घेतलं नव्हतं.

मी सिडनीला विचारलं. त्याने खुर्ची ओढून माझ्याशेजारी आणली. मग म्हणाला, “माणूस नाही सापडत गं. पण कुठलाही माणूस पहिल्यांदा मशीनसमोर बसला, की कोणी बघत नाही असं बघून स्वतःचं नाव टाकतो. तुझ्या भावाचं नाव आपल्या पानावर असेल तर तो येईल तेव्हा येईल.”

म्हणून ती निळी ओळ. पानाच्या अगदी वर टाकली, कारण सर्च इंजिन यादीत पानाचे पहिले शब्द दाखवतं. पहिले थोडेच दाखवतं आणि पुढे तीन टिंबं देतं. हे मला ठाऊक होतं. मी आईला म्हटलं, आपण नुसतं लिहू, ‘नाथा, घरी ये.’

तिला पटेना. आपल्या गावकीत भांडण कसं मिटवतात ते तुला माहीत आहे. आधी ज्याचं दुखलं त्याने सगळ्यांसमोर उभं राहून दुखणं बोलायचं, मग दुसऱ्याचा हात धरायचा. न बोलता हात धरला तर तो समेट कोणी मानत नाही. आई म्हणाली, “झाला ता आधी बोलायचा, मंग बोलवायचा. मी बोलली नाय ना नुसता ये म्हनला, तर त्याला वाटंल म्हातारी इसरली. मी इसरली नाय, ना त्योबी इसरला नसंल.”

तिने सांगितलं तसंच मी इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलं. ऐक आता, सगळी ओळ अशी होती.

“नाथा दामाजी नाखवा, ठाणे कोळीवाडा. आई आवडाबाई सांगते. तू एकटा आलास ते मना सोसला नाय. पन तू तरी आलास. तू बी नसता आलास तर मी कोनाच्या तोंडाकडं बघितला असता? बंदरावर बोलली ता माज्या तोंडून गेला, मनातून नाय. घरी ये.”

सर्च इंजिनने ‘सोसला नाय’ इथे तोडलं. तुला तेवढंच दिसलं.

त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही, आता बोलते. वाऱ्यात होडी उलटली, बाबा गेले आणि तू पोहत आलास. तुझे हात सोलून निघाले होते. तू किती वेळ बाबांना धरून ठेवलं होतंस ते त्या हातांवरच दिसत होतं. मी शेजारीच उभी होते. आईने तुला बघून विचारलं, “तू एकटा कसा आलास?” आणि तू तेराव्यानंतर कोणाला न सांगता निघून गेलास. मला वाटलं होतं, बाई दुःखात बोलली, महिन्याभरात विसरशील. मी तेव्हा तुझ्या मागे स्टेशनपर्यंत आले असते तर बरं झालं असतं.

तुझी त्यात काहीही चूक नव्हती नाथा. हे तुला कोणीच सांगितलं नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

ती ओळ टाकल्यावर आईचा दर रविवारचा एक कार्यक्रम झाला. पानाखाली किती जण येऊन गेले त्याचा आकडा असतो. मी गेले की तो तिला वाचून दाखवायचे. आकडा वाढला की खुलायची. मी म्हणायचे, अगं, हे गोरे लोक आहेत, गाठी बघायला येतात. ती म्हणायची, “येकजन तरी आपला आसंल त्यात.” शेजारच्या गोदूबाईला तिने सांगून टाकलं होतं, की माझा नाथा रोज माझे हात बघून जातो. मी कधी खोडलं नाही.

आणि हो, मुंबईतल्या कुठल्याशा साहेबाने त्या फोटोंवरून भिंतीवर टांगायला जाळं मागवलं होतं. भिंतीवर! आई दोन दिवस हसत होती. मासा न लागणारं जाळं विणायचं म्हणजे पाप लागेल म्हणाली, आणि तरी विणायला घेतलं. ते अर्धं राहिलं.

आता मला कळतंय की मी पुन्हा इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगते आहे. सांगायचं होतं ती ओळ कोणी आणि का काढली, आणि मी तुला गोरे लोक आणि भिंतीवरची जाळी दाखवत बसले. यंदा आपल्या घराला कंदील लागला नाही. दरवर्षी भाऊबीजेला तू नाहीस म्हणून मी चंद्राला ओवाळते, यंदा तेही केलं नाही. वर ‘सर्व ठीक’ लिहिलं ते सवयीने लिहिलं गेलं. खोडायला हात उठत नाही.

आई गेली, नाथा. श्रावणात, नारळी पुनवेच्या आधी. छातीत पाणी झालं होतं. दवाखान्यात राहायला तयार नव्हती, घरी आणलं.

ओळ मी काढली. तिने नाही. तेरावं झालं, दुसऱ्या दिवशी मी क्लासला गेले, मशीन लावलं आणि ‘आई आवडाबाई सांगते’ हे शब्द समोर आले. सांगणारी नाही आणि तिचं सांगणं चालू आहे, हे माझ्याने बघवलं नाही. पुसून टाकलं. मला वाटलं, आता कोणाला दिसणार नाही. पण सर्च इंजिनचं तसं नसतं. ते एकदा पान वाचून जातं आणि पुन्हा कधी फिरकेल त्याचा नेम नसतो. तोवर यादीत जुनंच दाखवत राहतं. तुझी ईमेल आली तेव्हा मी तुझं नाव टाकून बघितलं. पानावर नसलेली ती अर्धी ओळ अजून तिथे आहे. आजही आहे. मी सिडनीला म्हटलं, काहीतरी कर. तो म्हणाला, सर्च इंजिनला कळवलंय, ते येईल तेव्हा येईल.

म्हणजे बघ, आई होती तोपर्यंत तू तुझं नाव टाकलं नाहीस. ती गेल्यावर टाकलंस, आणि तुला तिचं नेमकं तेवढंच ऐकू आलं, जे तिला मागे घ्यायचं होतं. मला आधी तुझा राग आला, मग त्या यंत्राचा, मग माझा. तिचं न ऐकता आधी ‘घरी ये’ टाकलं असतं तर? रोज हेच मनात येतं. मग वाटतं, तसं टाकलं असतं तर ते तिचं बोलणं झालं नसतं, माझं झालं असतं.

आता शेवटचं सांगते. हे मी तुझ्या भावोजींनाही सांगितलेलं नाही.

गेली त्या दिवशी दुपारी ती चांगली शुद्धीवर होती. मी पायाशी बसले होते. तिने नेहमीचंच विचारलं, “वाचला काय त्यानी?” इतके दिवस मी खरं तेच सांगायचे, अजून नाही म्हणून. त्या दिवशी माझ्याच्याने झालं नाही. म्हटलं, “वाचलं, आई.”

“पुरा?”

“पुरा.”

“मंग काय बोलला?”

दिवसभर मुलांना शब्द देऊन टायपिंग करून घेते मी, शब्दांची मला कधी वाण पडत नाही. तिथे हाताशी दोनच आले. ती वाट बघत होती. मी म्हटलं, “येतो म्हणाला.”

तिने मान हलवली. मग म्हणाली, “त्याला सांग, सावकाश ये. मी रागावली नाय.” त्यानंतर डोळे मिटून पडून राहिली. दिवेलागणीला गेली.

तेव्हा नाथा, तू येतो म्हणालेला आहेस. तुझ्या तोंडचा शब्द मी परस्पर दिला, हे मान्य. पण जिला दिला तिला आता जाऊन ‘ते खोटं होतं’ असं सांगता येत नाही. कोपरीचं घर मी बंद केलेलं नाही, रविवारी जाऊन झाडते. तिने सांगितलंय, सावकाश ये, म्हणून मी घाई करत नाही.

फक्त मला खोटी पाडू नकोस.

तुझी, आणि आता तुला एवढीच उरलेली,
सगुणाताई