धनेशकडे गेलेलं सुकाणू

देवबाग,
२९ ऑगस्ट २०२४

प्रिय धन्या,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत, तुम्हीही असाल. तुझं घर आमच्या परड्यातून दिसतं आणि मी तुला पत्र लिहितोय, म्हणजे माझं डोकं फिरलंय असं आई म्हणते. काय करणार? पंधरा दिवसांत सात फोन केले, एकही उचलला नाहीस. काल बाजारात मला बघून तू स्कूटर वळवलीस, तीही खड्ड्यात घातलीस.

चतुर्थी आठवड्यावर आली. चित्रशाळेत आमच्या गणपतीला अजून रंग लागायचाय. राधाकाकींना सांग, त्यांनी मागितलेली कोकमं आईने बाजूला काढून ठेवली आहेत. आई तुझी असली तरी त्यांच्यावर माझा राग नाही.

म्हणजे तुझ्यावर आहे, हे लिहून झालं. आता पुढचं लिहितो.

राफ्टिंगला कोलाडला जायचं तुझ्याच डोक्यात आलं. वर्षभर पर्यटकांना पाण्यात फिरवतो, एकदा आपणच पर्यटक होऊ, म्हणालास. कुडाळला दिवा पॅसेंजरमध्ये बसलो आणि कणकवली यायच्या आत तू दोघांचा डबा संपवलास. नदीकाठचा तो तंबू, न वाळणारे कपडे, तुझं घोरणं, मला सगळं आवडलं होतं. हेही लिहून ठेवतो.

सकाळी धरणाचं पाणी सोडल्यावर गाइडने विचारलं, पोहता न येणाऱ्यांनी हात वर करा. पुण्याच्या दोन बायकांनी केला. तू नाही केलास. मी तुझ्याकडे बघितलं, तर तू सरळ समोर बघत राहिलास. देवबागचा माणूस, घराच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. त्याने चारचौघांत कसं म्हणायचं पोहता येत नाही म्हणून? शाळेपासून हे गुपित माझ्याकडे आहे, तेव्हा मीही गप्प बसलो. ती माझी चूक. बोललो असतो तर गाइडने तुला स्वतःजवळ बसवलं असतं.

तिसऱ्या खळाळात आपण दोघेही राफ्टबाहेर फेकले गेलो. अंगात लाइफ जॅकेट होतं, नुसतं पाठीवर पडून राहायचं होतं. तू माझ्या खांद्यावर चढलास. मी खाली गेलो, डोकं दगडावर आपटलं, नाकातोंडात पाणी गेलं. वर आलो की तू पुन्हा दाबायचास. त्यानंतरचं मला आठवत नाही. गाइड सांगत होता, मला वर ओढलं तेव्हा तुझी मूठ माझ्या जॅकेटला इतकी घट्ट होती की सोडवायला दोघे लागले. त्यांच्या व्हिडिओत नेमकं तेवढंच आलंय. बघणाऱ्याला वाटतं, काय मित्र आहे!

त्या संध्याकाळी तंबूत तू रडलास. "सुद्या, माका काय समाजला नाय रे. कोणाक सांगा नको." मी आईची शपथ घेतली. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, त्यात तुझा काय दोष? धन्या, मी तुला तिथेच माफ केलं होतं.

मग तू तो व्हिडिओ स्टेटसला टाकलास, 'मित्राचा जीव वाचवला'. मी हसलो. चार दिवस मिरवू दे म्हटलं. श्रावणी सोमवारी तू देवळात नारळ ठेवलास आणि देवळाच्या मानकरी गावकरांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या धनेशान बुडत्या मित्राक हात देवन वर काढल्यान, तेका असोच बळ दी." सगळी वाडी म्हणाली, "व्हय म्हाराजा." तू हळूच माझ्याकडे बघितलंस. मग मीही म्हणालो. देवासमोर, मोठ्याने. लाज वाटली, पण तुझी लाज राखायची होती.

दुसऱ्याच दिवशी गणपतकाकांनी बोलावलं. नऊ वर्षं मी त्यांची होडी डॉल्फिन दाखवायला नेतोय, नऊ वर्षांत एका माणसाचा पाय ओला होऊ दिला नाही. म्हणाले, "सुदेशा, ह्या वर्सा तू किनाऱ्यार तिकिटां फाड. धनेशान सांगल्यान, पाणी बघलंस काय तुझे हात थरथरतत. सुकाणू तेच्याकडे दितंय."

मी म्हटलं, काका, हे खोटं आहे.

"मगे देवळात व्हय म्हाराजा कित्याक म्हटलंस?"



सुकाणू हवं होतं तर माझ्याकडे मागायचंस. माझ्याच बाजूला बसून शिकलास, अर्ध्या फेऱ्या मी हसत दिल्या असत्या. तू त्यांच्या ओटीवर गेलास, चहा प्यायलास आणि मला भित्रा ठरवून आलास. नदीत तू घाबरलेला होतास. ओटीवर कसली भीती होती रे? मला इतकी चीड येते, आणि मग हे सगळं सांगावंसं वाटतं ते तुलाच, त्याची आणखी चीड येते.

रविवारी पहिली फेरी. होडीत अठरा माणसं असतील, त्यात मुलं. एखादं पोर वाकून बघताना पडलं तर उडी कोण मारणार? माझी बदनामी मी कदाचित गिळलीही असती. हे गिळता येत नाही.

म्हणून आज शपथ मोडली. इथपर्यंतचं पत्र गणपतकाकांना त्यांच्या अंगणात बसून वाचून दाखवलं. त्यांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "पत्र हंय दी, मी नेवन दितंय." आता ते तुझ्यासमोर बसले असतील. तुझं वाचून होईपर्यंत उठणार नाहीत.

त्यांना खुशाल सांग की सुदेश खोटारडा आहे. मी भांडायला येणार नाही. फक्त त्यांच्यासोबत खाडीवर जा आणि गळ्याएवढ्या पाण्यात उतरून दहा हात पोहून दाखव.

'तुझा' लिहू की नको, यावर पेन थांबलं होतं. दुसरं काही लिहायला हाताला सवयच नाही.

तुझा,
सुदेश